सुटलेला बंदी पुन्हा गुन्हा करील काय? : एका भाकिताचा इतिहास

आपल्या संस्थेच्या कर्जसाह्य समितीपुढे काही वर्षांपूर्वी एक अर्ज आला होता. अर्जदार ज्ञातीतलाच; वय पस्तिशीच्या आसपास. एका पतपेढीत रोखपाल असताना केलेल्या अफरातफरीबद्दल दोन वर्षांची सक्तमजुरी भोगून तो नुकताच बाहेर आला होता आणि पिठाची गिरणी घालण्यासाठी संस्थेच्या निधीतून लहानसे कर्ज मागत होता. प्रस्तुत लेखक त्या समितीचा एक सभासद होता. एरवी पाच मिनिटांत निकालात निघणाऱ्या अर्जावर त्या संध्याकाळी दीड तास खल झाला. गिरणी चालेल की नाही, जामीन कोण, हप्ता किती, हे सर्व बाजूला राहिले आणि एकच प्रश्न प्रत्येकाच्या तोंडी घोळत राहिला: हा गृहस्थ पुन्हा तसेच करणार नाही कशावरून?

एका वयोवृद्ध सभासदांनी अर्जदाराच्या चुलत्याची कुठलीशी जुनी भानगड आठवून सांगितली आणि "त्या घराण्यातच ते आहे," असा निवाडा देऊन टाकला. दुसरे सभासद आयुष्यभर शिक्षकी केलेले, ते म्हणाले, "त्याला समोर बसवा. दोन प्रश्न विचारले की माणूस मला कळतो." तिसरे विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले. ते बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "असे शंभर लोक सुटून आले तर त्यांतले किती पुन्हा सापडतात, हा आकडा कोणाजवळ आहे काय? असेल तर बोलू. नसेल तर आपण नुसत्या गप्पा मारीत आहोत." आकडा अर्थातच कोणाजवळ नव्हता. त्या प्रश्नाने मात्र लेखकाला वाचनास प्रवृत्त केले, आणि जे हाती लागले त्याचा गोषवारा ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवण्याचे या लेखात योजिले आहे.

शिक्षा जोवर ठरावीक मुदतीची होती तोवर हा प्रश्न कोणाला पडण्याचे कारणच नव्हते. सात वर्षे म्हणजे सात वर्षे. मुदत भरली की तुरुंगाचे दार उघडावयाचे. बंदी सुधारला की बिघडला, हे पाहण्याचे काम तुरुंगाधिकाऱ्याचे नव्हते. मुदत आधी संपविण्याचा अधिकार जेव्हा कोणाच्या तरी हाती आला, तेव्हाच कोणाला आधी सोडावे व कोणाला सोडू नये, हा पेच उत्पन्न झाला. त्याचा आरंभ आस्ट्रेलियाजवळच्या नॉरफोक बेटावर झाला असे म्हणता येईल. कॅप्टन अलेक्झांडर मॅकॉनॉकी हे स्कॉटिश दर्यावर्दी १८४० ते १८४४ या काळात तेथील बंदीवसाहतीचे प्रमुख होते. बंद्याने किती वर्षे काढली हे न पाहता त्याने काम व वर्तन यांनी किती गुण मिळविले ते पाहावे, आणि ठरावीक गुण भरताच त्याला बेडीतून मोकळे करावे, ही त्यांची पद्धत. वरिष्ठांना ती मानवली नाही व त्यांना परत बोलावण्यात आले. पण १८५४ नंतर आयर्लंडमध्ये सर वॉल्टर क्रॉफ्टन यांनी तीच कल्पना उचलून अटींवर सुटकेचे तिकीट देण्याची व्यवस्था घालून दिली. हे 'तिकीट' अंदमानची हकीकत वाचलेल्या मराठी वाचकास अपरिचित नाही. पुढे १८७६ साली न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे तरुण गुन्हेगारांसाठी सुधारगृह निघाले आणि तेथे मुदत न ठरविता दिलेल्या शिक्षेचा प्रयोग सुरू झाला. विसावे शतक उजाडेपर्यंत अमेरिकेतील अनेक राज्यांत शिक्षेची खरी मुदत न्यायाधीशाच्या हातून निसटून पॅरोल मंडळाच्या हाती गेली होती.

येथे एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे पॅरोल म्हणजे आजारपण, लग्नकार्य, मृत्यू अशा प्रसंगी बंद्यास मिळणारी अभिवचन रजा. ती संपली की त्याने परत यावयाचे असते. अमेरिकेतील पॅरोल म्हणजे शिक्षेचा उरलेला भाग देखरेखीखाली बाहेर काढण्याची परवानगी. अटी मोडल्या नाहीत तर त्याने परत यावयाचे नसते. पुढील विवेचनात तोच अर्थ घ्यावा.

इलिनॉय राज्यातील पॅरोल मंडळ १९२० नंतरच्या दशकात मोठ्या अडचणीत सापडले होते. शिकागोतील टोळ्यांच्या मारामाऱ्यांचा तो काळ. एखाद्या सुटलेल्या बंद्याने दरोडा घातला की वर्तमानपत्रे मंडळावर तुटून पडत. अखेर मंडळाच्या अध्यक्षांनी तीन विद्यापीठांकडे धाव घेतली आणि या पद्धतीची निःपक्ष तपासणी करण्याची विनंती केली. नेमलेल्या समितीत दोन कायदेपंडित होते व तिसरे शिकागो विद्यापीठातील समाजशास्त्राचे अध्यापक अर्नेस्ट बर्जेस. १९२८ साली अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातील बर्जेस यांनी लिहिलेला भाग हाच या विषयाचा मूळ ग्रंथ.

बर्जेस यांनी जोलिएट, मेनार्ड व पाँटिअ‍ॅक या तीन तुरुंगांतून पॅरोलवर सुटलेल्या प्रत्येकी १,०००, म्हणजे एकूण ३,००० माणसांची कागदपत्रे काढली. त्यांपैकी किती जणांनी पॅरोल मोडला हे आधी पाहिले. पाँटिअ‍ॅकच्या सुधारगृहात तो आकडा शेकडा २२.१, मेनार्डला २६.५ आणि जोलिएटला २८.४ होता. म्हणजे ढोबळ मानाने चारांपैकी तीन माणसांनी पॅरोल नीट पाळला होता! वर्तमानपत्रांच्या आरडाओरडीवरून कोणाचाही समज याच्या उलट झाला असता. नंतर त्यांनी प्रत्येक माणसाविषयी २१ बाबी टिपल्या: गुन्ह्याचा प्रकार, साथीदार किती, बापाचे राष्ट्रीयत्व, आईबापांची स्थिती, लग्न झाले आहे काय, पूर्वीचे गुन्हे, पूर्वीचा कामधंदा, राहण्याची वस्ती, तुरुंगातील वर्तन, सुटतेवेळचे वय, बुद्धीचे वय, इत्यादी. ज्या बाबतीत माणूस सरासरीहून कमी पॅरोल मोडणाऱ्या गटात बसे, त्या बाबतीत त्याला एक गुण. बस्स, एवढेच गणित. सर्व गुणांची बेरीज करावयाची आणि तक्ता पाहावयाचा. त्यांच्या तक्त्यात १६ ते २१ गुण मिळालेल्या माणसांपैकी शेकडा १.५ जणांनीच पॅरोल मोडला होता. २ ते ४ गुणवाल्यांपैकी मात्र शेकडा ७६ जणांनी.

वाचकांना हे वाचून हसू येईल, पण लेखकाला प्रथम आठवले ते आपल्याकडील पत्रिका जुळविणे. वर्ण एक, वश्य दोन, तारा तीन असे करीत छत्तीसांपैकी अठरा गुण जमले की स्थळ पसंत. बर्जेस यांच्या एकवीस गुणांची मांडणी बाहेरून अगदी तशीच दिसते. भेद असा, आणि तो मोठा आहे, की अठरा गुणांवर जमलेल्या ३,००० लग्नांचे पुढे काय झाले हे तपासण्याचे कष्ट आपल्या एकाही ज्योतिष्याने घेतल्याचे ऐकिवात नाही. बर्जेस यांनी ते घेतले होते.

तथापि त्या एकवीस रकान्यांकडे नीट पाहिले की मनात शंका येऊ लागतात. त्यांत 'सामाजिक प्रकार' असा एक रकाना होता, आणि त्याखाली भटक्या, निरुद्योगी, दारुडा, टोळीवाला, शेतकऱ्याचा मुलगा, नुकताच आलेला परदेशी अशी वर्गवारी केलेली होती. एखादा माणूस 'निरुद्योगी' म्हणावयाचा की 'काम गमावलेला', हे ठरविणारा कोण? हाती फाईल असलेला कोणी तरी अभ्यासक किंवा कारकून. त्याचे मत एकदा अंकात उतरले की ते मत राहत नाही, माप होते. बापाचे राष्ट्रीयत्व हा रकाना तर सरळ जन्माचा. शिवाय 'पॅरोल मोडणे' म्हणजे 'गुन्हा करणे' असेही नाही. न विचारता गाव सोडले, नेमलेल्या अधिकाऱ्याकडे हजर झाला नाही, तरी पॅरोल मोडतोच. ज्याच्यावर नजर अधिक त्याची चूक अधिक सापडणार, आणि ज्याच्यावर नजरच नाही तो सज्जन ठरणार. मोजमापात शिरलेला हा दोष पुढील नव्वद वर्षांत कोणालाच पुरता काढता आला नाही.

काही असो, इलिनॉयने ही पद्धत कागदावर ठेवली नाही. १९३३ पासून त्या राज्याच्या तुरुंगांत प्रत्येक पॅरोल अर्जासोबत असे भाकीत तयार करून देण्यासाठी समाजशास्त्रज्ञ व विमागणिती नेमण्यात आले. आयुर्विम्याचा हप्ता ज्या हिशेबाने ठरतो त्याच हिशेबाने माणसाच्या सुटकेचा धोका ठरू लागला. आमच्या समितीतील निवृत्त गृहस्थांना ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांना झालेला आनंद पाहण्यासारखा होता.

या इतिहासातील एक पात्र मोठे विलक्षण आहे. १९२४ साली शिकागोतील नेथन लिओपोल्ड व रिचर्ड लोब या दोन धनाढ्य घरच्या विद्यार्थ्यांनी केवळ आपल्या बुद्धीची परीक्षा पाहण्यासाठी एका चौदा वर्षांच्या मुलाचा खून केला. प्रख्यात वकील क्लॅरेन्स डॅरो यांनी त्यांना फाशीपासून वाचविले. दोघांना जन्मठेप झाली. तोच लिओपोल्ड तुरुंगात पॅरोलच्या भाकितशास्त्राचा अभ्यासक झाला. तेथील समाजशास्त्रज्ञ फेरिस लॉन यांच्या संशोधनात त्याने हातभार लावला आणि १९३५ साली एका कायदेविषयक नियतकालिकात टोपणनावाने या विषयावर लेखही लिहिला. लॉन यांची कल्पना अशी, की कोण पुन्हा घसरेल हे अधिकाऱ्यांपेक्षा बरोबरीच्या बंद्यांना अधिक चांगले कळते; तेव्हा त्यांचे अंदाज घ्यावेत आणि त्या अंदाजांच्या मुळाशी काय आहे ते शोधावे. १९५८ साली लिओपोल्ड स्वतः पॅरोलवर सुटला, पोर्तो रिको बेटावर एका धर्मादाय रुग्णालयात काम करू लागला व १९७१ साली वारला. घर सुस्थितीत, शिक्षण उत्तम, पूर्वीची शिक्षा नाही, असल्या रकान्यांत त्याला मूळच्या गुन्ह्याआधी भरपूर गुण मिळाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

बर्जेस यांच्यामागून अनेक जण या वाटेने गेले. हार्वर्डमधील ग्लूक पतिपत्नींनी मॅसॅच्युसेट्सच्या सुधारगृहातून सुटलेल्या पाचशे तरुणांचा पाच वर्षे माग काढला व १९३० साली ग्रंथ लिहिला. त्यांना दहांपैकी सुमारे आठ जण पुन्हा गुन्ह्यांत सापडलेले आढळले. बर्जेस यांचा आकडा शेकडा पंचवीस, ग्लूकांचा शेकडा ऐंशी! किती काळ पाहिले, किती बारकाईने पाहिले आणि 'पुन्हा गुन्हा' कशाला म्हटले, यांवर आकडा कसा डोलतो याचे हे चांगले उदाहरण आहे.

इंग्लंडमध्ये हे काम हरमन मॅनहाइम आणि लेस्ली विल्किन्स यांनी केले. मॅनहाइम हे जर्मनीतून परागंदा झालेले न्यायपंडित, विल्किन्स हे संख्याशास्त्रज्ञ. तरुण गुन्हेगारांसाठी असलेल्या बोर्स्टल संस्थांतील मुलांचा त्यांनी केलेला अभ्यास १९५५ साली प्रसिद्ध झाला. (याच नमुन्यावर मुंबई इलाख्यातही १९२९ साली बोर्स्टल शाळांचा कायदा झाला होता, हे येथे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.) त्यांच्या अभ्यासातून दोन गोष्टी निघाल्या. एक अशी, की मुलाला महिनोन् महिने जवळून पाहणाऱ्या संस्थाप्रमुखाच्या भाकितापेक्षा चारदोन कोरड्या बाबींवरून केलेल्या तक्त्याचे भाकीत अधिक खरे ठरत होते. पूर्वी किती वेळा पकडला गेला, दारूचे व्यसन आहे काय, आईबापांजवळ राहत होता काय, एका नोकरीवर जास्तीत जास्त किती दिवस टिकला, असल्याच त्या बाबी. दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची, पण तिच्याकडे लक्ष कमी गेले: सारख्याच धोक्याची मुले घेऊन पाहिली तर कुंपणाच्या संस्थेतून आलेल्यांपेक्षा उघड्या संस्थेतून आलेली मुले बरी निघाली. म्हणजे माणूस पुढे काय करील हे थोडेफार त्याला कोठे ठेवले यावरही अवलंबून असते. जन्मपत्रिकेत ग्रह हलत नाहीत, येथे हलतात.

"माणूस मला कळतो," असे म्हणणाऱ्या आमच्या शिक्षकमित्रांची बाजू अशा रीतीने लंगडी पडते. १९५४ साली पॉल मील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक छोटेसे पुस्तक लिहून अनुभवी जाणकाराची नजर आणि साधी बेरीज यांची तुलना केली व नजरेचा कैवार घेणाऱ्यांना बरेच दुखविले. त्याला आढळले ते असे, की जेथे जेथे दोहोंची गाठ घालून पाहिली तेथे बहुधा बेरीज बरोबरीने राहते वा जिंकते. आपल्याला हे मानवत नाही, कारण आपली खरी ठरलेली भाकिते आपल्याला आठवतात, आणि खोटी ठरलेली आठवत नाहीत.

मग बेरजेवर विसंबावे काय? येथे एक हिशेब मांडून पाहू. समजा, १,००० बंदी सुटणार आहेत आणि त्यांतील ५० जण पुढे एखादे घोर कृत्य करणार आहेत. आपल्याजवळ असे परीक्षायंत्र आहे की ते दोन्ही बाजूंनी शंभरात ऐंशी वेळा बरोबर सांगते. इतके चांगले यंत्र प्रत्यक्षात मिळत नाही, पण असो. ते त्या ५० पैकी ४० जण बरोबर पकडील. पण उरलेल्या ९५० निरुपद्रवी माणसांपैकीही १९० जणांवर 'धोकादायक' असा शिक्का मारील. एकूण २३० जणांना अडकवून ठेवले, त्यांतले १९० काहीही करणार नव्हते! गुन्हा जितका भयंकर तितका तो दुर्मिळ, आणि जितका दुर्मिळ तितके भाकीत अधिक चुकणार. हा दोष यंत्राचा नसून अंकगणिताचाच आहे.

ही केवळ पाटीवरची बेरीज नव्हे. १९६६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बॅक्सस्ट्रॉम नावाच्या एका बंद्याच्या खटल्यात निर्णय दिला, की शिक्षेची मुदत संपल्यावर एखाद्याला रीतसर सुनावणीवाचून 'धोकादायक वेडा' म्हणून गुन्हेगारांच्या वेड्यांच्या इस्पितळात डांबून ठेवता येणार नाही. या निर्णयामुळे न्यूयॉर्क राज्याला अशा ९६७ माणसांना तेथून हलवून साध्या मनोरुग्णालयांत पाठवावे लागले. वर्षानुवर्षे तज्ज्ञ त्यांना धोकादायक ठरवीत आले होते. अधिकाऱ्यांत घबराट पसरली. पुढील चार वर्षांत त्यांच्यापैकी फक्त २६ जणांना, म्हणजे शंभरात तिघांहूनही कमी जणांना, त्या जुन्या ठिकाणी परत पाठवावे लागले. उरलेल्यांविषयीचे भाकीत चुकले होते हे कोणाला कधीच कळले नसते, कारण ते बाहेरच आले नसते. चुकून सोडलेला माणूस दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दिसतो. चुकून अडकवलेला कोणालाच दिसत नाही. पॅरोल मंडळे नेहमी एकाच बाजूला का झुकतात याचे उत्तर एवढ्यात आहे.

आता त्या वयोवृद्ध सभासदांच्या उत्तराकडे वळू. "घराण्यातच आहे," हे त्यांचे वाक्य आपण हसण्यावारी नेऊ. परंतु आपल्या देशात ते वाक्य ऐंशी वर्षे कायद्याच्या पुस्तकात छापलेले होते. १८७१ साली सत्ताविसावा अधिनियम म्हणून गुन्हेगार जमातींचा कायदा मंजूर झाला. त्याच्या समर्थनार्थ सरकारी बाजूने मांडलेला युक्तिवाद असा, की या देशात सुताराचा मुलगा सुतार आणि विणकराचा मुलगा विणकर होतो. तेव्हा चोराचा मुलगाही पिढीजात चोरच होणार. अपराध सिद्ध झालेला बंदी पुन्हा काय करील, हा बर्जेस यांचा प्रश्न होता. या कायद्याला अपराध सिद्ध होण्याचीही गरज वाटली नाही. प्रांतिक सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की तिच्यातील माणसांची नोंदवही तयार व्हावयाची, त्यांनी हजेरी द्यावयाची, गाव सोडावयास पास घ्यावयाचा. जमातीविषयीची ती घोषणा बरोबर की चूक, हे विचारण्यास न्यायालयाची दारे बंद. १९११ च्या सुधारणेने हा कायदा मुंबई इलाख्यासह साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानास लागू करण्याजोगा झाला. कैकाडी, भामटा, फासेपारधी, मांग-गारुडी अशा कितीतरी लोकांच्या नशिबी तो आला. स्टार्ट नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली या इलाख्यात वसाहती उभारल्या गेल्या, आणि त्यांत सोलापूरची वसाहत विशेष प्रसिद्ध. तारेच्या कुंपणातून गिरणीत कामाला जावयाचे व पुन्हा कुंपणात यावयाचे. त्या भागाला सोलापुरात अजूनही 'सेटलमेंट' म्हणतात. रिक्षावाल्याला एवढा एकच शब्द पुरतो.

या 'भाकिता'ची परीक्षा कधी झाली काय? होणे शक्यच नव्हते. ज्याला रोज हजेरी द्यावी लागते तो एक दिवस चुकला की अपराधी. ज्याला कोणी कामावर ठेवीत नाही तो उपाशी मुलांसाठी कणसे तोडील की अपराधी. कायदा अपराध निर्माण करीत होता आणि त्याच अपराधांचा दाखला देऊन स्वतःला खरा ठरवीत होता. खेर मंत्रिमंडळाच्या काळात, १९३७ नंतर, या कायद्याच्या चौकशीसाठी मुनशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मुंबई राज्याने १९४९ साली तो रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो साऱ्या देशातून गेला. त्या लोकांना 'विमुक्त' हे नाव मिळाले. महाराष्ट्रात अशा चौदा जमाती आज विमुक्त जाती म्हणून नोंदलेल्या आहेत. जमातीऐवजी व्यक्तीकडे पाहणारा सराईत गुन्हेगारांचा कायदा मुंबई राज्याने १९५९ साली केला. तत्त्वतः ही प्रगतीच. पण ठाण्यातील वही बदलली तरी वहीतील नावे बऱ्याच अंशी तीच राहिली. लक्ष्मण गायकवाड यांचे १९८७ सालचे 'उचल्या' हे आत्मकथन ज्यांनी वाचले आहे त्यांना हे नव्याने सांगावयास नको. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगनियमावल्यांतील जातिभेदावर निर्णय देताना जातीवरून कामे वाटणारे नियम घटनाबाह्य ठरविले, आणि विमुक्त जमातींना जन्मतः सराईत समजणाऱ्या तरतुदींवरही बोट ठेवले. कायदा जाऊन बहात्तर वर्षे झाल्यावर!

याच मुलुखात याच्या अगदी उलट टोकाचा प्रयोगही झाला होता, आणि तो आपल्या लोकांना अभिमान वाटावा असा आहे. औंध संस्थानात १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' नावाची कुंपणाविना तुरुंगवसाहत निघाली. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याची, आणि तिला आधार राजेसाहेब पंतप्रतिनिधींचा. गंभीर गुन्ह्यांतील बंद्यांनी माळरानावर शेती करावी, कुटुंबासह राहावे आणि पळून जाऊ नये, इतकीच अट. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. तेथे कोणी गुण मोजले नाहीत, तक्ता केला नाही. मॅनहाइम आणि विल्किन्स यांना उघड्या बोर्स्टलमध्ये जे दिसले, त्याची चाहूल या माळावर सोळा वर्षे आधी लागली होती, असे म्हटले तर ते फारसे धाडसाचे होणार नाही.

इलिनॉयचे पुढे काय झाले? ज्या राज्यात हे शास्त्र जन्मले त्यानेच १९७८ साली पॅरोल मंडळाच्या मर्जीने होणारी सुटका नव्या शिक्षांपुरती बंद करून ठरावीक मुदतीकडे पाऊल वळविले. शास्त्र मात्र संपले नाही; ते संगणकात शिरले. फ्लोरिडातील ब्रॉवर्ड परगण्यात अटक झालेल्या माणसांना कॉम्पस नावाची संगणकप्रणाली एक ते दहा असे धोक्याचे अंक देत असे. २०१६ साली प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने तेथील सात हजारांहून अधिक माणसांचे अंक आणि त्यांचे पुढील वर्तन ताडून पाहिले. पुढे ज्यांनी पुन्हा गुन्हा केला नाही अशा कृष्णवर्णीयांपैकी शेकडा ४४.९ जणांना प्रणालीने अधिक धोक्याचे ठरविले होते. तशाच गोऱ्यांत हे प्रमाण २३.५ होते. प्रणालीच्या निर्मात्यांनी उत्तर दिले, की आमच्याकडे समान अंकाचा अर्थ दोन्ही वर्णांना समानच लागतो. मौजेची गोष्ट अशी, की दोन्ही पक्षांचे आकडे खरे होते. गणितज्ञांनी लवकरच दाखवून दिले, की दोन गटांतील मूळ प्रमाणच भिन्न असेल आणि भाकीत अचूक नसेल, तर दोन्ही प्रकारची समता एका वेळी साधता येत नाही. कोणती सोडावयाची ते माणसांनी ठरवावे लागते. आणि 'मूळ प्रमाण' म्हणजे पोलिसांनी कोणाला किती पकडले याचेच प्रमाण. सोलापूरच्या हजेरीवहीची आठवण लेखकाला येथे झाली. त्याच वर्षी विस्कॉन्सिनच्या वरिष्ठ न्यायालयापुढे लूमिस नावाच्या आरोपीने तक्रार केली, की माझा अंक कसा काढला ते गुपित असल्याने मला त्याचे खंडन करता येत नाही. न्यायालयाने काही इशारे देऊन अंकाचा वापर चालू ठेवण्यास परवानगी दिली.

आपल्याकडे असे अंक नाहीत, पण प्रश्न आहेच. फर्लो व पॅरोलच्या नियमांनुसार संचित रजेचा अर्ज आला की पोलिसांचा अहवाल मागवितात, आणि बंद्याच्या सुटकेने शांतताभंग होईल असे त्यात असले तर रजा नाकारली जाऊ शकते. जन्मठेपेच्या बंद्यांच्या मुदतपूर्व सुटकेविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००० साली लक्ष्मण नसकर यांच्या प्रकरणात ज्या बाबी पाहावयास सांगितल्या, त्यांत गुन्हा पुन्हा घडण्याचा संभव किती, बंद्याची गुन्हा करण्याची क्षमता उरली आहे काय, त्याला आत ठेवण्यात काही हेतू शिल्लक आहे काय, या बाबींबरोबर त्याच्या कुटुंबाची सामाजिक व आर्थिक स्थितीही आहे. चांगल्याच बाबी आहेत. त्यांचे उत्तर मात्र कोणी तरी लिहावयाचे असते, आणि लिहिणारा आपल्या त्या तीन सभासदांपैकीच कोणी तरी एक असतो.

त्या अर्जाचे काय झाले, हे वाचक विचारतील. एका मताच्या आधिक्याने, दोन जामीन घेऊन, तो मंजूर झाला. गिरणी चालते. कर्ज मुदतीपूर्वी फिटले. एका माणसावरून काहीच सिद्ध होत नाही हे विम्याच्या कचेरीतील आमच्या मित्रांनी त्याही दिवशी आवर्जून सांगितले, आणि ते बरोबरच आहे. त्याने पैसे बुडविले असते तरीही काही सिद्ध झाले नसते.

लेख लिहिताना संस्थेच्या कर्ज-अर्जाचा छापील नमुना पुन्हा काढून पाहिला. त्यात सातवा रकाना आहे: 'वडिलांचा, चुलत्यांचा व आजोबांचा व्यवसाय'. नमुना पहिल्यांदा कोणी व केव्हा छापला, ते जुन्या दप्तरात सापडत नाही. जन्मावरून जमलेल्या संस्थेच्या पुस्तकात जन्मावरून केलेल्या निवाड्याविरुद्ध लिहिणे काहींना चमत्कारिक वाटेल, हे लेखक जाणतो. तरीही तो रकाना गाळून त्या जागी 'अर्जदाराने सर्वांत अधिक काळ केलेले काम व त्याची मुदत' असा रकाना घालावा, असा ठराव येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडावयाचे त्याने ठरविले आहे. सूचक तो स्वतः आहे. अनुमोदक अद्याप मिळालेला नाही. ज्यांची इच्छा असेल त्यांनी सभेपूर्वी चिटणिसांकडे नाव कळवावे.